क्लीन बूट

विंडोज संगणक सुरू होताना रखडत किंवा अडकत असेल, तर बाहेरच्या कंपन्यांचे पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम बंद ठेवून त्यातला दोषी हुडकण्याची पद्धत. तिची सेफ मोडशी हमखास गल्लत होते. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) आणि सर्व्हिस (पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम) यांवर चालते. क्लीन बूटमध्ये मात्र ड्रायव्हर आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस जागेवर राहतात. सुट्टी मिळते ती अँटिव्हायरस, प्रिंटरची सहायक साधने, अपडेट तपासणारे प्रोग्रॅम अशा मंडळींना. त्यामुळे संगणक जवळपास नेहमीसारखाच चालतो आणि तक्रार थांबली तर संशय नेमका त्यांच्यावर येतो.

यासाठीचे साधन ‘एमएसकॉन्फिग’, म्हणजे विंडोज कसे सुरू व्हावे हे ठरवणारा विंडोजमधलाच प्रोग्रॅम. ते विंडोज ९८ मध्ये आले, विंडोज २००० मध्ये नव्हते, एक्सपीत परतले. त्यातल्या सर्व्हिसच्या यादीत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस आधी लपवायच्या आणि मगच उरलेल्या बंद करायच्या. हा क्रम चुकला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसही बंद होतात. लॉगिननंतर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमधून बंद करावे लागतात.

खरे काम त्यानंतरचे. एकेक सर्व्हिस चालू करून पाहणे म्हणजे दिवस घालवणे; त्यापेक्षा निम्म्या चालू करून रीस्टार्ट करावे आणि दोष ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ सर्व्हिस असल्या तरी ५ फेऱ्यांत एकच उरते. अर्थात, दोषी एकटाच आहे हे यात गृहीत धरलेले असते. दोन अँटिव्हायरस एकेकटे सुरळीत चालतात आणि एकत्र आले की भांडतात; ते वेगवेगळ्या निम्म्यांत पडले तर दोन्ही निम्मे निर्दोष ठरतात. अशा वेळी एक निम्मा कायम चालू ठेवून दुसऱ्यातले थोडे थोडे त्यात मिसळावे लागतात.

दोष ड्रायव्हरमध्ये असेल तर तो या पद्धतीने सापडत नाही, आणि विंडोज सुरू होण्याआधीच संगणक अडकत असेल तर प्रश्न बहुधा डिस्क, रॅम यांचा असतो. टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, सुटणारे प्रोग्रॅमही या याद्यांत दिसत नाहीत. ते पाहायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातले ‘ऑटोरन्स’ जास्त उपयोगी.

एमएसकॉन्फिगमधल्या ‘सेफ बूट’च्या चौकटीला या कामात हात लावू नये. ती खूण काढेपर्यंत संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतो. तपास संपल्यावर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडतात, पण त्याने पूर्वी मुद्दाम बंद ठेवलेल्या सर्व्हिसही चालू होऊ शकतात. म्हणून सुरुवातीलाच यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.