समतल पेशीध्रुवता

समतल पेशीध्रुवता : ऊतीच्या पातळीतच एखादी दिशा धरून शेजारशेजारच्या पेशींनी एकसारखी मांडणी घेणे. अभिस्तर ऊतीतील, म्हणजे अवयवांना आच्छादणाऱ्या पेशींच्या थरातील, पेशीला वरची आणि खालची बाजू असतेच. त्याखेरीज डोके कोणत्या अंगाला आणि शेपूट कोणत्या अंगाला, हेही तिला ओळखावे लागते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर केस नीट बसतात, उलटा फिरवला तर विस्कटतात. हे वळण भ्रूणावस्थेतच ठरलेले असते.

या विषयाचा पाया फळमाशीने घातला. तिच्या पंखावरील प्रत्येक पेशीतून एकच सूक्ष्म केस निघतो आणि तो पंखाच्या टोकाकडे झुकतो. केसांची दिशा बिघडलेल्या माश्यांच्या अभ्यासातून एकेक जनुक हाती लागत गेले. त्यांतील ‘फ्रिझल्ड’ १९८९ मध्ये वेगळे करण्यात आले. फ्रिझल्ड, डिशेवल्ड, डिएगो, व्हॅन गॉग, प्रिकल आणि फ्लेमिंगो ही सहा प्रथिने या यंत्रणेचा गाभा मानली जातात. पृष्ठवंशी प्राण्यांतही हाच संच आहे, फक्त बहुतेकांच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत.

पेशीच्या एका कडेला फ्रिझल्ड आणि डिशेवल्ड जमतात, समोरच्या कडेला व्हॅन गॉग आणि प्रिकल. फ्लेमिंगो दोन्ही कडांवर असते आणि शेजारच्या पेशीवरील फ्लेमिंगोला घट्ट धरते. त्यामुळे एका पेशीची फ्रिझल्डची कड दुसरीच्या व्हॅन गॉगच्या कडेला भिडते आणि ही जुळणी पेशीमागून पेशी पुढे सरकते. पंखाच्या एका ठिपक्यातून फ्रिझल्ड काढून टाकले, तर भोवतालच्या निरोगी पेशींचे केससुद्धा त्या ठिपक्याकडे वळतात. दिशा ही एकट्या पेशीची मालमत्ता नाही, ती शेजाऱ्यांच्या संगनमताने ठरते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

पृष्ठवंशी भ्रूणात या यंत्रणेचे सर्वांत मोठे काम केसांचे नसून शरीर लांब करण्याचे आहे. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात पाठीच्या मध्यरेषेजवळील पेशी डाव्या-उजव्या दिशेने लांबट होतात, दोन्ही टोकांना बारीक पाय काढतात, शेजारणींना पकडून ओढतात आणि एकमेकींच्या मधे घुसतात. रुंदीतली गर्दी अशी एका ओळीत आली की ऊती अरुंद होते आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत ताणली जाते. जीवशास्त्रज्ञ रे केलर यांनी हे वर्तन बारकाईने टिपले. पुढे २००० साली डिशेवल्डचे काम बिघडवून पाहिले गेले, तेव्हा पेशी पाय काढत राहिल्या, पण वाटेल त्या दिशेला. ते पाय टिकेनात आणि भ्रूण आखूड राहिला. बळ होते, दिशा नव्हती.

याचा माणसाशी थेट संबंध येतो तो चेतानलिकेत. मेंदू आणि मेरुरज्जू ज्या नळीतून घडतात तिच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन मध्यभागी जुळाव्या लागतात. मधला पट्टा अरुंद झालाच नाही तर कडा एकमेकींपासून दूर राहतात आणि नळी उघडीच राहते. ‘लूपटेल’ या उंदरांत नेमके हेच घडते. उत्परिवर्तित जनुकाची एक प्रत असलेल्या उंदराची शेपटी वाकडी होते. दोन्ही प्रती तशा असतील तर मेंदूच्या मागील भागापासून शेपटीपर्यंत नळी उघडी राहते आणि पिल्लू जगत नाही. हे जनुक म्हणजे व्हॅन गॉगचे एक पृष्ठवंशी रूप, हे २००१ मध्ये कळले. त्याच्याच भावंडातील उत्परिवर्तने २००७ मध्ये चेतानलिका-दोष असलेल्या माणसांतही आढळली. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे अनेकींना गर्भ राहिल्याचे कळण्याआधीच. फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते यासाठी. प्रत्येक दोषामागे ध्रुवतेची जनुकेच असतात असे मात्र नाही.

उंदराच्या कातडीत आणखी एक अडचण दिसते. वाढत्या त्वचेतील पेशी सतत विभागतात आणि विभागताना गोल होतात. मग कडा कुठली आणि दिशा कुठली? पेशी विभाजनाच्या वेळी ही प्रथिने पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि विभाजन आटोपल्यावर पुन्हा कडांवर पाठवते. नव्या पेशींना दिशा शेजारणींकडून परत मिळते.

डावे-उजवेही यावरच उभे आहे. उंदराच्या भ्रूणातील ‘नोड’ या छोट्या खळग्यात फिरणाऱ्या पक्ष्माभिका (पेशींवरील केसासारखे सूक्ष्म तंतू) द्रव डावीकडे ढकलतात, हे १९९८ मध्ये दिसून आले. प्रत्येक पक्ष्माभिका पेशीच्या मागच्या कडेकडे सरकलेली आणि मागे कललेली असते. म्हणून डावीकडचा फेरा पृष्ठभागापासून दूर, मोकळा आणि जोरकस होतो. उजवीकडचा पृष्ठभागाला लगटून, मंद. कल बिघडला की हृदयाची बाजूही बिघडू शकते. अंतर्कर्णातील कॉक्लिया या ऐकण्याच्या अवयवात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशींवरील इंग्रजी व्ही आकाराचे झुबके एकाच बाजूला तोंड करून असतात, तेही याच प्रथिनांमुळे.

मुळात दिशा कोण दाखवते, यावर अजून वाद आहे. व्हिंट कुळातील स्रवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण एका टोकाकडे जास्त असणे, हे जुने उत्तर. पण व्हिंट-११ नसलेल्या झेब्राफिश भ्रूणात ते सगळीकडे सारखेच पुरवले तरी पेशींच्या हालचाली बऱ्याच सुधारतात. तिथे ते दिशा दाखवत नसून फक्त परवानगी देत असावे. वाढत्या ऊतीवर पडणारा ताणही पेशींना वळवतो, हे बेडकाच्या आणि उंदराच्या त्वचेत दिसले आहे.