काचेच्या बशीतले स्वच्छ वर्तुळ

वनस्पतींच्या अर्कांच्या जाहिरातींत ‘प्रयोगशाळेत सिद्ध जंतुनाशक’ असे शब्द असतात आणि शेजारी पेट्री डिशमधल्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या चपट्या काचेच्या बशीतल्या, जिवाणू न वाढलेल्या एका स्वच्छ वर्तुळाचे छायाचित्र असते. नाशिकच्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही अडुळसा, हिरडा, कडुनिंब यांच्या अर्कांवर हीच चाचणी करतात. मात्र ‘वर्तुळ मोठे म्हणजे औषध प्रभावी’ हा त्यावरून सर्रास काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

या चाचणीत आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या सुमारे 4 मिलिमीटर जाडीच्या थरावर जिवाणू पसरतात, त्यात खळगा पाडून अर्क भरतात आणि बशी 35 ते 37 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. अर्कातले रेणू खळग्यातून बाहेर झिरपू लागतात आणि त्याच वेळी जिवाणूही वाढू लागतात. ही खरोखर एक शर्यतच असते. जिवाणूंची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली, की मागाहून पोहोचलेले रेणू तिला रोखू शकत नाहीत. त्यामुळे तोवर रेणू पुरेशा तीव्रतेने जिथपर्यंत पोहोचलेले असतात, तिथेच वर्तुळाची कड पक्की होते. म्हणजेच वर्तुळाच्या आकारात रेणूच्या परिणामकारकतेबरोबर त्याचा झिरपण्याचा वेगही मिसळलेला असतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आगरमध्ये बहुतांश पाणीच असते, म्हणून ते खळग्याच्या आसपासच अडकून राहते. शिवाय वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग ढोबळमानाने तीव्रतेच्या लॉगरिदमनुसार वाढतो. अर्क दुप्पट तीव्र केला म्हणून वर्तुळ दुप्पट होत नाही. तेव्हा दोन वनस्पतींची वर्तुळे मोजून त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याला काहीही आधार नाही.

अर्क बहुधा इथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि इथेनॉल स्वतःच जंतुनाशक आहे. म्हणून ज्या छायाचित्रात नुसत्या द्रावकाचा खळगा शेजारी दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवू नये.

तुलनेसाठी छोटे खळगे असलेल्या तबकडीत अर्क द्रवमाध्यमात टप्प्याटप्प्याने निम्मा-निम्मा पातळ करत नेतात आणि जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता शोधतात. त्यात रेझाझुरिन हा निळा रंग घातला, तर जिवंत जिवाणू असलेले खळगे गुलाबी होतात. ई. कोलायसारख्या जिवाणूंना जादा बाह्य आवरण असल्याने त्यांच्यासाठी ही तीव्रता अनेकदा बरीच जास्त निघते. हा आकडा मिळाल्यावरही तेवढा अर्क माणसाच्या पेशींना सोसतो का आणि त्यातले रेणू शरीरात तेवढ्या प्रमाणात पोहोचतात का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. बशीतले जिवाणू तर व्हिनेगरनेही मरतात.