दोन अमिनो अ‍ॅसिड, सात मात्रा आणि एक भोक

पेशीभोवतीच्या पडद्याचा आतला तेलकट थर असतो जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा, पण सोडियम-पोटॅशियमच्या आयनांना तो ओलांडणं जवळपास अशक्यच, कारण आयनला पाण्याचा गोतावळा सोडून तेलात शिरायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून निसर्गाने पडद्यात प्रोटीनची दारं बसवलीत, त्यांना म्हणायचं आयन चॅनल. ही प्रोटीनं भलतीच अवाढव्य, शेकडो अमिनो अ‍ॅसिडची (अमिनो अ‍ॅसिड म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले मणी). मग नुसतं भोक पाडायला एवढा पसारा लागतो का?

१९८८ मध्ये अमेरिकेत लिअर, वासरमन आणि डीग्रॅडो या तिघा शास्त्रज्ञांनी अगदी साधं चॅनल करून बघितलं, आणि घेतलं काय तर फक्त दोनच अमिनो अ‍ॅसिड! ल्युसिन, ज्याचं पाण्याशी वाकडं, आणि सेरीन, ज्याचं पाण्याशी जमतं. सात-सातचा गट: ल्यु-से-से-ल्यु-ल्यु-से-ल्यु. आपला रूपक तालच म्हणा ना, सात मात्रा, आणि अशी तीन आवर्तनं, एकूण २१.

सातच का, तर अशी साखळी स्प्रिंगसारखा पीळ घेते आणि एका वेढ्यात साधारण ३.६ अमिनो अ‍ॅसिड बसतात, म्हणजे सातात जवळपास दोन वेढे पूर्ण, त्यामुळे सगळी सेरीन एकाच बाजूला येतात आणि उरलेल्या अंगाला ल्युसिन. आता पीळ घेतलेल्या अशा काही साखळ्या, म्हणजे काड्या, पडद्याच्या तेलात सोडल्या की ल्युसिनची अंगं बाहेर तेलाकडे वळतात, सेरीनची आत एकमेकींकडे तोंड करून बसतात, मधे बोगदा तयार. आणि २१ अमिनो अ‍ॅसिडची काडी भरते साधारण ३ नॅनोमीटर, बरोब्बर पडद्याच्या मापाची. त्यांनी दोनच आवर्तनांची, १४ ची काडीही करून पाहिली, ती पडद्याला पुरलीच नाही आणि धड चॅनल काही झालं नाही.

चॅनल झालं हे कळतं कसं? प्लास्टिकच्या पत्र्याला बारीक भोक, त्यावर चरबीचा थेंब फासायचा, तो साबणाच्या फुग्यासारखा रंग दाखवत दाखवत पातळ होतो आणि शेवटी काळा दिसायला लागतो, म्हणजे थर दोन रेणूंचाच उरला. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, थोडं व्होल्टेज, आणि मग स्क्रीनवरची सपाट रेघ अचानक एक पायरी चढते! एक चॅनल उघडलं. मिटलं की पायरी उतरते. १ पिकोअ‍ॅम्पियर एवढा जरी करंट असला तरी सेकंदाला ६२ लाख आयन गेले, तेही एका बोगद्यातून. (मला विचाराल तर अख्ख्या बायोफिजिक्समधलं सगळ्यात देखणं दृश्य हेच.)

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक सातातली तिसरी मात्रा बदलली, सेरीन काढून ल्युसिन घातलं, एवढंच. पहिलं चॅनल स्नायूंतल्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरच्या (नसेचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनच्या) चॅनलसारखं वागत होतं, हे नवं फक्त प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, जाऊ द्यायला लागलं, बाकी सगळ्यांना दार बंद.

पुढे १९९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ घादिरींच्या गटाने काड्यांऐवजी पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो अ‍ॅसिडच्या छोट्या साखळ्यांच्या, गोल चकत्या केल्या, एकावर एक रचल्या की नळी होते, आणि त्यातून सेकंदाला १ कोटीपेक्षा जास्त पोटॅशियम आयन जात होते.

पण सोडियम आणि पोटॅशियम यांच्यात निवड करायची म्हटलं की दोन अक्षरांच्या काड्यांचं काम नाही. जिवाणूच्या खऱ्या पोटॅशियम चॅनलमधून पोटॅशियम सोडियमच्या निदान १०,००० पट सहज जातं, आणि सोडियम तर आकाराने लहान! तिथे प्रोटीनमधल्या, आयनला धरणाऱ्या ऑक्सिजन अणूंची जागाच पोटॅशियमच्या मापाने कातलेली आहे, सोडियम आत गेलं तर त्याला धरायला कोणी पुरेसं जवळ नसतं.