प्रॉक्सी बनवल्यावर मूळ फाइल्सची नावं बदलू नका
घरी एडिट करून फायनलसाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी

कलर, साउंड आणि फायनल एक्सपोर्टसाठी आलेला प्रोजेक्ट उघडला की मॉनिटरवर लाल 'मीडिया ऑफलाइन' दिसतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. एडिट प्रॉक्सीवर, म्हणजे कॉम्प्युटरला सोप्या जाणाऱ्या हलक्या कॉपीवर, झालेलं असतं आणि मधल्या काळात कुणीतरी ओरिजिनल क्लिप्सना नीटनेटकी नावं दिलेली असतात: 'हळद १', 'हळद २', 'मुहूर्त नवीन'. फोल्डर दिसायला छान दिसतो, पण प्रोजेक्टच्या लेखी त्या क्लिप्स हरवल्या.

प्रॉक्सी कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी एक प्रश्न काउंटरवर रोज येतो: "मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर प्रॉक्सीची कटकट जाईल का?" नेहमीच नाही. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धतींत बहुतेक फ्रेम्स पूर्ण नसतातच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला अनेक फ्रेम्स उलगडाव्या लागतात. त्यात कॅमेरा टेन-बिट ४:२:२ वर, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या सेटिंगवर, असेल, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक्स एच.२६५ चं हे काम करतं, मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसतं. तेव्हा आधी प्रॉक्सी करून बघा, खरेदीचं नंतर.

जागेचा हिशोब असा. सेकंदाला २५ फ्रेम्स, १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के शूटिंग तासाला साधारण ४५ जीबी खातं. त्याचीच १०८० मधली प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा फॉरमॅट) प्रॉक्सी तासाला १७ जीबीच्या आसपास आणि ७२० मधली सातेक जीबी होते. घरच्या लॅपटॉपवर कट लावायला ७२० पुरते. फोकस तपासायचा असेल तर १०८० घ्या.

आता नावांचं. सोनीचे कॅमेरे क्लिपला सी०००१, सी०००२ अशी नावं देतात. दोन कॅमेऱ्यांवर शूट केलंत की दोन सी००१२ तयार होतात. प्रॉक्सी करताना अडचण येत नाही, कारण फोल्डर वेगळे असतात. मग जागा कमी पडते, ओरिजिनल दुसऱ्या हार्डडिस्कवर जातात, तिथे दोन्ही कॅमेऱ्यांचे फोल्डर एकाच मोठ्या फोल्डरच्या आत पडतात आणि प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर विचारतं, फाइल कुठे आहे? तुम्ही एक क्लिप दाखवता. खिडकीत 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' ला टिक असतेच आणि जुळवाजुळव नाव व एक्स्टेंशनवर होते, म्हणून बाकीच्या क्लिप्स ते स्वतःच शोधून जोडतं. लाल पडदा जातो, सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. एक्सपोर्टमध्ये मात्र नवरीची आई गालाला हळद लावते त्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याची सी००१२ येते, म्हणजे रिकाम्या खुर्च्या आणि टेबल पुसणारा वाढपी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरचा असेल तर तो बरोबरच राहतो, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. अशा वेळी त्या खिडकीत 'मीडिया स्टार्ट' लाही टिक करा. दोन्ही कॅमेऱ्यांचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ) वेगळा चाललेला असेल तर घोळ तिथेच अडतो.

मूळ उपाय शूटिंगच्या आधीचा आहे. सोनीच्या ए७एस ३, ए७ ४, एफएक्स३ सारख्या बॉडींत मेनूमध्ये 'फाइल नेम फॉरमॅट' असतो. तिथे 'टायटल' निवडून एका बॉडीला कॅमए आणि दुसरीला कॅमबी द्या. जुन्या बॉडीत ही सोय नसेल तर कार्ड कॉपी झाल्याबरोबर, प्रोजेक्ट उघडण्याआधी, नावापुढे ए_ किंवा बी_ जोडा. मॅकवर फाइंडरमधल्या 'रीनेम'मध्ये 'ॲड टेक्स्ट' आहे, विंडोजवर पॉवरटॉइजमधलं पॉवररीनेम वापरा. सगळ्या फाइल्स निवडून एफ२ दाबू नका: त्याने मूळ नंबर जातात आणि नुसते कंसातले १, २, ३ उरतात. यानंतर नाव हे दगडावरची रेघ समजा. फाइल दुसऱ्या जागी हलवायला हरकत नाही, नाव बदलायला आहे.

डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर एडिट करणाऱ्यांनी एक जास्त जपावं. ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकचा प्रॉक्सी जनरेटर ओरिजिनलच्या शेजारी 'प्रॉक्सी' नावाचा फोल्डर करतो आणि आतल्या फाइल्सना ओरिजिनलचीच नावं देतो. तो फोल्डर आवरायला म्हणून आतल्या फाइल्स बाहेर ओतल्या आणि एक्स्टेंशनही सारखं निघालं, तर कॉम्प्युटर 'रिप्लेस करू का' विचारतो. तिथे 'हो' म्हणालात की कार्यक्रमाचं मूळ शूटिंग गेलं. ते आम्हीही परत आणू शकत नाही.

मोबाइलवर घेतलेल्या क्लिप्सचा फ्रेमरेट कमीजास्त होत असतो, त्याची प्रॉक्सी आवाजापासून सरकते. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या आणि त्या नव्या फाइललाच ओरिजिनल माना.

एक्सपोर्टला प्रीमियरमध्ये 'यूज प्रॉक्सीज' आणि रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पानाच्या ॲडव्हान्स्डमधलं 'यूज प्रॉक्सी मीडिया' बंद आहे ना, ते बघा. शंका आली तर पैठणीच्या काठावर थांबून दुप्पट मोठं करून पाहा. जरीचे धागे वेगळे न दिसता पिवळा पट्टा दिसला, तर तुम्ही प्रॉक्सीच बाहेर काढली आहे.

तुटलेल्या क्लिप्स जोडायचे आम्ही तासावर वेगळे पैसे घेतो, त्यावरून कुरबुर होते. पण ते कलरच्या दरात बसत नाही. कुणालातरी प्रॉक्सी आणि ओरिजिनल शेजारी ठेवून एकेक शॉट डोळ्यांनी ओळखावा लागतो, आणि तेवढा वेळ तुमच्याच कलरचं काम थांबलेलं असतं.

हे टाळायला दोन सोयी आहेत. कार्डं किंवा हार्डडिस्क संध्याकाळी आणून दिलीत तर नावं लावून, प्रॉक्सी करून दुसऱ्या दिवशी देतो. लागोपाठचे कार्यक्रम असणाऱ्यांना हे परवडतं. आणि फायनलला देण्याआधी हार्डडिस्क नुसती जोडून तपासायला पैसे नाहीत. येताना ओरिजिनल, प्रॉक्सी आणि प्रोजेक्ट तिन्ही आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या एकाच हार्डडिस्कवर आणा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालेल. कार्डाची कॉपी तुमच्याकडेही ठेवा. एप्रिल-मे मध्ये रांग असते, आदल्या दिवशी फोन करून या.