ग्रुप वेगळा, झिरो वेगळा: एअर रायफलच्या नेमाची गोष्ट

रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींचं एक ठरलेलं असतं. पहिला शॉट मधल्या दहाऐवजी आठवर लागतो आणि हात लगेच साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या साधनाच्या, चकतीकडे जातो. दोन क्लिक, म्हणजे चकतीचे दोन टप्पे, डावीकडे. पुढचा शॉट भलतीकडेच, म्हणून पुन्हा तीन क्लिक उजवीकडे, एक खाली. अर्ध्या तासाने लक्ष्याच्या कार्डाची चाळण झालेली असते आणि निकाल लागतो की बंदूकच वाकडी आहे.

बंदूक बहुतेक वेळा वाकडी नसते. ग्रुप आणि झिरो यांची गल्लत झालेली असते. ग्रुप म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, आणि झिरो म्हणजे त्या सगळ्यांचा मध्य लक्ष्याच्या मध्यावर येईल अशी लावलेली साईट. मराठीत आपण दोन्हींना मिळून 'नेम' म्हणतो, त्यामुळे ही गल्लत बोलण्यातच मुरली आहे. 'नेम चुकतोय' म्हणजे शॉट विखुरतायत की सगळे मिळून एका बाजूला पडतायत, हे त्या वाक्यातून कळतच नाही. आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

दोन कार्डं समोर ठेवा. पहिल्यावर पाचही शॉट एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून ६ मिलिमीटर उजवीकडे. गुण ८, ८, ८, ८, ८, एकूण ४०. दुसऱ्यावर शॉट दहाच्या अवतीभवती उधळलेले: १०, ९, ८, ७, ९, एकूण ४३. घरी दोन्ही कार्डं दाखवली तर कौतुक दुसऱ्याचं होईल. माझ्या लेखी पहिला नेमबाज कितीतरी पुढे आहे. त्याचा ग्रुप उत्तम आहे, फक्त झिरो हललाय. साईट योग्य तितकी फिरवली की तेच पाच शॉट पाच दहा होतील. दुसऱ्याच्या शॉटचा मध्य आधीच दहाजवळ आहे, म्हणजे झिरो ठीक आहे. त्याने कितीही क्लिक फिरवले तरी विखुरलेपणा तसाच राहील, फक्त दुसऱ्या जागी सरकेल.

मापं लक्षात घेतली की हे का महत्त्वाचं ते कळतं. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे आपला छर्रा, ४.५ मिलिमीटरचा. छिद्राची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून छिद्राचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. दशांशात मोजलं तर पाव मिलिमीटरला ०.१. झिरो ४ मिलिमीटरने हललेला असेल तर निर्दोष शॉटलाही ९.४ च मिळणार.

माझ्या मते खरी मेख अशी: जी चूक प्रत्येक शॉटला सारखीच होते ती झिरोत दिसते, आणि जी दर शॉटला बदलते ती ग्रुपमध्ये दिसते. त्यामुळे एकच कारण दोन्हीकडे सापडू शकतं. रायफल उजवीकडे कललेली असेल तर शॉट उजवीकडे आणि किंचित खाली जातो. दरवेळी तेवढीच कलत असेल तर साईटने तो फरक भरून काढता येतो; कितीतरी कसलेले नेमबाज मुद्दाम रायफल थोडी कलती धरतात. पण एकदा जास्त, एकदा कमी असं झालं तर ग्रुप आडवा पसरतो आणि क्लिक काही करू शकत नाहीत. गाल टेकवण्याचंही तेच. मागच्या साईटच्या भोकातून डोळा रोज एकाच जागेवरून बघत असेल, तर ती जागा थोडी चुकीची असली तरी चालून जातं. जागा दर शॉटला बदलली की विखुरणं आलंच.

यात एक गणितही आहे. प्रत्येक शॉटनंतर तो जितका चुकला तितकी साईट उलटी फिरवत राहिलात, तर शॉटचा फैलाव सुमारे १.४ पट होतो. कारण एका शॉटची चूक तुम्ही पुढच्या शॉटच्या गळ्यात बांधता. एकट्या शॉटवरून झिरो ठरवायचा नाही तो यासाठी.

झिरो जाऊनही ग्रुप शाबूत असतो, याचं माझं आवडतं उदाहरण ऑगस्ट २००८ मधलं, बीजिंगचं. अभिनव बिंद्राने नंतर सांगितलं आहे की अंतिम फेरीआधीच्या चाचणीच्या शॉटमध्ये त्याला आपली साईट हलल्याचं कळलं. ऑलिंपिकच्या फायनलआधी हे कळणं म्हणजे छातीत धस्स होणं. पण वर्षानुवर्षं घोटलेली त्याची पोझिशन, म्हणजे उभं राहण्याची आणि रायफल धरण्याची ढब, जागच्या जागी होती, म्हणून साईट पुन्हा लावणं एवढंच काम उरलं. फायनलच्या दहा शॉटमध्ये त्याने १०४.५ गुण केले, शेवटचा शॉट १०.८, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

म्हणून क्रम असा: आधी ग्रुप, मग झिरो. ग्रुप पसरलेला असेल तर आधी पेलेट बघा. वाकलेले, कड दबलेले पेलेट बाजूला काढा. सामन्याच्या पेलेटच्या डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. शंभरावा भाग मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तुमच्या नळीला कोणता पसंत आहे ते मारूनच कळतं. क्लबमध्ये रायफल घट्ट बसवायचा शिकंजा असेल तर त्यात बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट मारा, कारण तिथे तुमचा श्वास आणि हात मध्ये येत नाहीत. शिकंज्यात ग्रुप बारीक आणि हातात मोठा, तर बंदुकीला दोष देणं थांबवायचं.

मग स्टॉकचे, म्हणजे बंदुकीच्या दस्त्याचे, स्क्रू. नळी वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनमध्ये ते सारखे सैल होतात. या गनचा स्वभावही वेगळा: पेलेट नळीबाहेर पडण्याआधीच आतला पिस्टन धावतो आणि सगळी बंदूक हलते. ती आवळून धरली किंवा नळी भिंतीच्या कठड्यावर टेकवली की शॉट भरकटतात. हलक्या हाताने, दरवेळी अगदी तशीच धरा. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलला हा त्रास फारसा नाही. तिथे ग्रुप उभा लांबत असेल तर सिलिंडरचा दाब आणि तुमचा श्वास, दोन्ही तपासा.

माणसाच्या बाजूचं पहिलं काम पायांचं आहे. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पाय हलवा. ओढून आणलेली रायफल ट्रिगरच्या क्षणी परत आपल्या जागी जाऊ बघते. आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसेच उभे राहा. डोळा लगेच कार्ड शोधायला निघाला की डोकं आधीच उचललं गेलेलं असतं.

ग्रुप आटोक्यात आला की झिरो हे दहा मिनिटांचं काम आहे. पाच शॉट मारा, शक्यतो दहा. सर्वांत लांबच्या किंवा सर्वांत चांगल्या शॉटकडे न बघता सगळ्यांचा मध्य काढा. एका क्लिकने शॉट किती सरकतो ते आपल्या रायफलवर मोजून ठेवा: पाच शॉट, मग एकाच दिशेला दहा क्लिक, पुन्हा पाच शॉट, दोन मध्यांमधलं अंतर भागिले दहा. मागची साईट शॉट जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची असते. पण चकतीवरच्या बाणांचा अर्थ सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, तेव्हा ही मोजणी करतानाच दिशाही लिहून घ्या. हा आकडा साईटशेजारी बारीक पट्टीवर चिकटवून ठेवलेला बरा, कारण सामन्याच्या सकाळी रेंजवरचा उजेड बदललेला असतो आणि तयारी व चाचणीचे शॉट मिळून हाती १५ मिनिटंच असतात.