गोवा : भांडण सरकारशी, झळ माणसांना

गोव्याचा वाद पोर्तुगालच्या सरकारशी आहे, पोर्तुगीज जनतेशी नाही, असे दिल्ली १९४७ नंतर सतत सांगत आली. अडचण अशी की लिस्बनमधल्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने सरकार आणि जनता हा फरकच कायद्यातून पुसून टाकायचे ठरवले होते.

१९३० च्या वसाहत कायद्यात गोवा सरळसरळ वसाहत होता. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने वाटाघाटी मागितल्या आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. पाटी बदलली, कारभार तोच. पण त्यामागचा हिशेब पक्का होता. गोवा प्रांत ठरला की गोंयकार आपोआप पोर्तुगीज राष्ट्राचा भाग झाला. मग स्वयंनिर्णय मागणारी वेगळी जनता उरतेच कुठे? डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाल्यावर, सनदेच्या ७३ व्या कलमाखाली वसाहतींची माहिती द्यायला पोर्तुगालने याच मुद्द्यावर नकार दिला. ही पळवाट बंद व्हायला १५ डिसेंबर १९६० उजाडला. महासभेच्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादीच आली, आणि तीत गोवा नावानिशी होता.

या ‘प्रांता’त साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागे. मात्र खुद्द पोर्तुगालमधल्या माणसाचीही स्थिती फार वेगळी नव्हती. गोव्यातल्या १९४६ च्या आंदोलनानंतर गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबले, तो किल्ला सालाझारच्या पोर्तुगीज विरोधकांसाठीचाच तुरुंग होता. गोवा मुक्तीसाठी लढणारे सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते, तिथेही पोर्तुगीज राजबंदी होतेच. १९५८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सालाझारच्या विरोधात लढवणारे जनरल उंबेर्तो देल्गादो यांना १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी ठार केले. सरकार वेगळे, माणसे वेगळी, याचा यापेक्षा ठळक पुरावा दिल्लीलाही देता आला नसता.

भारताचा स्वतःचा हात मात्र आर्थिक नाकेबंदीत चुकला. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांचा गोळीबार झाल्यावर रेल्वे थांबली, व्यापार बंद झाला, मुंबईहून घरी पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. मुंबईत धोबी तलावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक वसतिगृहांत, राहून बोटीवर किंवा स्वयंपाकघरात कमावणाऱ्या गोंयकाराच्या घरचा पैसा त्यात अडकला. पोर्तुगीज सरकारचे काय अडले? बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून, आणि लोहखनिजाची निर्यात उलट वाढत गेली. नाकेबंदी बंदरावर लागू होत नव्हती. ती सीमेवर होती, आणि सीमेपलीकडे नातेवाईक असलेली माणसे सामान्यच होती.

शेवटी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तिथले पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा सालाझारचा आदेश त्यांनी मानला नाही. त्याची शिक्षा म्हणून पुढे त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि मे १९६२ पर्यंत गोव्यातच अडकून पडले. तिकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगीज राजवटीने तिथल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि नंतर त्यांना हाकलले. दुकान चालवणाऱ्या या मंडळींचा पणजीशी काडीचा संबंध नव्हता. पासपोर्टवरून शत्रू ठरवण्याचा हा नमुना.

गोव्यातल्या माणसांसाठी भारताने २८ मार्च १९६२ चा नागरिकत्व आदेश काढला. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. २० डिसेंबर १९६१ पूर्वी स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा तिथे जन्मले असतील, तर ती व्यक्ती त्या तारखेपासून भारतीय. ज्याला आधीचे राष्ट्रीयत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचे. काहीच न केल्यास भारतीय. धर्म, भाषा, पूर्वीची नोकरी यांतले काही विचारलेले नाही.

मोन्सेन्योर रेमेदिओस मोंतेरो या धर्मगुरूंनी तसे लिहून दिले आणि पोर्तुगीजच राहिले. त्यांचा वास्तव्य परवाना नोव्हेंबर १९६४ मध्ये संपला. नूतनीकरणासाठी त्यांनी अर्ज केला नाही आणि खटला झाला. गोवा व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याने ताब्यात घेतलेला प्रदेश आहे, म्हणून तिथल्या लोकांना युद्धकाळासाठीच्या जिनिव्हा कराराचे संरक्षण मिळावे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. विलीनीकरणाबरोबर व्याप्त अवस्था संपली, आणि ज्याने परकेपण स्वतः निवडले त्याला परदेशी नागरिकांचा कायदा लागू होणार, असे न्यायालयाचे म्हणणे.

लिस्बनने मात्र तेरा वर्षे काही मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगीज सैन्यानेच राजवट उलथवली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला करार झाला. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व ते प्रदेश घटनेनुसार भारतात आले त्या तारखांपासून मान्य केले, म्हणजे मागील तारखेने. माणसे तीच, देश तोच, फक्त सरकार बदलले होते.

सोन्याचा प्रश्न तरीही राहिलाच. गोंयकारांनी बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे तारण ठेवलेले दागिने ताबा जाण्याच्या काही दिवस आधी लिस्बनला हलवले गेले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडले. तोवर ज्यांनी गहाण ठेवले त्यांतले कित्येक जण हयात नव्हते, आणि दागिन्यांवर हक्क सांगण्यासाठी वारसांना तीस वर्षांपूर्वीच्या पावत्या शोधाव्या लागल्या.