मेलचं लेबल आणि मेलचा ग्रुप

सोसायटीचा कारभार बदलला की नव्या सेक्रेटरींच्या हाती शिक्के, चेकबुक, मिनिट्सची वही आणि हल्ली एक सीएसव्ही फाइलही (नावं-पत्त्यांचा साधा तक्ता) येते. सोबत निरोप असतो, "हा आपला मेल ग्रुप, इम्पोर्ट करून घ्या." त्या फाइलमध्ये ग्रुप नसतो, जुन्या सेक्रेटरींच्या लेबलाची, म्हणजे त्यांच्या खात्यात नाव देऊन ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीची, नक्कल असते. वार्षिक सभेची नोटीस कोणाच्या हाती पडते आणि कोण राहून जातं, ते या फरकावर ठरतं.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'सभासद' असं लेबल केलं, तर ते फक्त तुमच्या खात्यात राहतं. जीमेलच्या 'टू'मध्ये त्याचं नाव टाइप करून निवडलं की त्यातले सगळे पत्ते तिथे उतरतात आणि मेल त्या सुट्ट्या पत्त्यांना जातो. म्हणूनच 'टू'मध्ये टाकलं तर प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसतो. लेबल वापरायचं तर 'बीसीसी'तच, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत.

गूगल ग्रुपला स्वतःचा पत्ता असतो. तुम्ही त्या एकाच पत्त्यावर मेल टाकता, पुढे तो सभासदांना वाटण्याचं काम सर्व्हर करतो. यादी एकाच ठिकाणी असते. तिथे मालकानं एक नाव बदललं की पुढचा मेल कमिटीतल्या कोणीही पाठवला तरी नव्या यादीलाच जातो. सभासदाचा पत्ता जीमेलचाच हवा असंही नाही.

आमच्या सोसायटीत तीन पदाधिकाऱ्यांकडे एकाच यादीच्या तीन नकला होत्या. मधल्या काळात एक फ्लॅट विकला गेला. सेक्रेटरींनी आपल्या लेबलात नवा पत्ता घातला, पण नोटीस पाठवली खजिनदारांनी, त्यांच्या जुन्या नकलेवरून. ती घर विकून गेलेल्या गृहस्थांना मिळाली. नव्या मालकीणबाईंना सभेचं कळलं ते लिफ्टमध्ये, आदल्या संध्याकाळी. सभेआधी १४ पूर्ण दिवसांची नोटीस हा सभासदाचा हक्क आहे. त्या चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तरीही फाइल इम्पोर्ट करायची वेळ येतेच. तेव्हा ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडायचा मोह टाळा. देवनागरी नावांच्या जागी बऱ्याचदा अगम्य चिन्हं दिसतात आणि साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर नावांची प्रश्नचिन्हं होतात. ती नावं मग परत येत नाहीत. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये दुरुस्ती करा. +९१ला चिकटून लिहिलेले मोबाइल नंबरही तपासा. एक्सेल त्यांना मोठी संख्या समजून ९.१९ई+११ असं काहीतरी करून ठेवतं. इम्पोर्ट झाल्यावर लेबलासमोरचा आकडा फाइलमधल्या ओळींशी जुळतो का, तेही पाहा.

ऑफिसात आउटलुक असेल तर हाच फरक वेगळ्या नावांनी भेटतो. तुमच्या कॉन्टॅक्ट्समधला 'कॉन्टॅक्ट ग्रुप' सहकाऱ्याला अटॅचमेंट म्हणून पाठवता येतो, पण त्यानं तो जतन केला की दोन याद्यांचा संबंध संपला. एक्स्चेंजवरची, म्हणजे ऑफिसच्या मेल सर्व्हरवरची, डिस्ट्रिब्यूशन लिस्ट मात्र सगळ्यांची एकच.

मग लेबल ठेवायचं कशाला? लग्नाचं आमंत्रण, शाळासोबत्यांची सहल अशा एकट्यानं पाठवायच्या मेलना ते पुरतं. जिथे माणसं येत-जात राहतात आणि पाठवणारे एकाहून जास्त असतात, तिथे माझ्या मते ग्रुपच हवा. फक्त पहिल्याच दिवशी त्याच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी बघा: मेल कोण टाकू शकतं आणि उत्तर कोणाला जातं. उत्तर सगळ्यांना जाणार असेल, तर एकाच्या गळक्या पाइपची तक्रार घराघरांत पोचते.

यादी जुनी असेल तर ती ग्रुपमध्ये भरण्याआधी सोसायटीच्या सभासद नोंदवहीशी एकदा ताडून घ्या. आणि कारभार सोपवताना नव्या सेक्रेटरींना ग्रुपचं मालक करा, जुन्यांचं नाव त्यानंतरच काढा.